गोचीड काही केल्या हटेनात, औषध बोगस हाय का गोचीडच हुशार झालेत?

औसेकर_२१

नमस्कार मंडळी. लातूर जिल्हा, औसा तालुका. गोठ्यात चार एचएफ क्रॉस (होल्स्टिन संकरित) गाई, एक घरची देवणी (आपली देशी जात) आन दोन म्हशी हायत. पाऊस लागल्यापासून गोचिडांनी पार वीट आणलाय. कानात, शेपटीच्या बुडाला, कासेला, मांडीच्या आत, हात घालाल तिथं गोचीड. मागच्या महिन्यात एक गाय तापली, ताप १०५-१०६, खांद्याच्या म्होरली गाठ लिंबायेवढी सुजली, दूध १४ लिटरवरून ३ वर आलं. डॉक्टरनं रक्त काचेवर घेऊन तपासायला पाठवलं तर थायलेरिया (गोचिडापासून होणारा ताप) निघाला, मग ते महागाचं इंजेक्शन दिलं आन गाय वाचली, पण तिची दोन महिन्याची कालवड गेली. इंजेक्शन आणायच्या आधीच गेली, पोरगी दिवसभर रडत होती.

आता मुद्दा असा की मी चार वर्षं झाले एकच फवारणीचं औषध वापरतोय, सायपरमेथ्रीन. पहिल्या वर्षी दुसऱ्या दिवशी टपाटप गळायचे. आता फवारलं तर उलट मस्त फुगूलालेत. दुकानदार म्हणतो कंपनी बदला, मी कंपनी बदलली, तेच. डोस वाढवला, तेच.

दुसरं म्हंजे आमची आई रोज संध्याकाळी धार काढायच्या आधी हातानं गोचीड उपटती आन दगडावर ठेचती, नखाचं नेलपॉलिश लाल का रक्तानं लाल ते कळत नाही (आई नेलपॉलिश लावत नाही, समजून घ्या). ग्रुपवर एक मेसेज फिरूलालाय की असं केलं की काँगो ताप येतो आन माणूस आठ दिवसात जातो. खरं हाय का? आन एक, देवणीच्या अंगावर गोचीड शोधून सापडत नाहीत, शेजारच्याच खुंट्याला बांधलेली असून. कामून?

---

माजलगाव_शेतीवाला

भाऊ येवढं काय टेन्शन घेता, कपाशीवर मारतो त्यातलंच थोडं औषध घ्या, त्यात जरा डिझेल टाका आन फडक्यानं पुसून काढा, एकदम साफ. आमच्यात सगळे तसंच करतेत. आमचा म्हातारा तंबाखूचं पाणी लावायचा, ते पण चालतं पण किरकोळ.

---

कंधारी_खोंड

वरचा सल्ला कुणीबी घेऊ नका, हात जोडून सांगतो. मी घेतलेला हाय. तीन वर्षाखाली, कपाशीचं उरलेलं औषध, अंदाजानं एक झाकण बादलीला. अर्ध्या तासात म्हशीच्या तोंडाला फेस, पाय थरथर, डोळ्यातून नाकातून पाणी, उभी राहता येईना. डॉक्टर आले, विषावर उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीनचे इंजेक्शन मारले, म्हैस कशीबशी उठली पण बरोबरचं वगारू गेलं. कातडीतून आत जातं ते, आन म्हैस अंग चाटती ते वेगळंच. डब्यावर तांबडा त्रिकोण, म्हंजे जहरी विषाची खूण, असतो तो उगं नसतो. आन डिझेलनं कातडी सोलून निघती भो, जखमेवर माश्या बसल्या की आळ्या पडतेत, मग घ्या निस्तरा.

देवणीचं म्हणाल तर आमच्या लाल कंधारी गाईचं बी तसंच हाय. का ते शिकलेली माणसं सांगतील.

---

गोचीडवाली_परभणी

शिकलेलं माणूस आलं 😀 मी परभणीला एमव्हीएससी (जनावरांच्या डॉक्टरकीची पुढची पदवी) करते, विषय परजीवीशास्त्र. म्हणजे घरच्यांच्या भाषेत "पोरीला डॉक्टर केलं अन् ती दिवसभर गोचीड मोजते". तर दादा, तुमच्या प्रश्नांचं मोठं उत्तर देते, चहा घेऊन बसा.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढून टाका, की गोचीड जनावरावर राहतात. जनावरावर दिसतात ते म्हणजे हॉटेलात जेवायला बसलेलं गिऱ्हाईक, गावातली बाकीची माणसं कुठं आहेत ते बघा. कोणत्याही वेळी एकूण गोचिडांतले फार थोडे अंगावर असतात, बाकीची सगळी फौज भिंतीच्या भेगा, गव्हाणीखालची माती, शेणाचा ढीग, दगडाच्या सांदी, चराईचं गवत, तिथं असते. तुम्ही टम्म फुगलेली जी करडी मादी बघता ती पोट भरलं की स्वतःहून खाली पडते, भेगेत जाते, दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. म्हणजे ती खाली पडल्यावर तुम्हाला वाटतं "औषधानं पडली", पण ती पडली ती बाळंत व्हायला.

आता तुमच्या गोठ्यात बहुतेक दोन जाती असणार. एक बूफिलस, आता तिला ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस म्हणतात. ही पिलू असताना अंगावर चढते ती तीन आठवडे त्याच जनावरावर राहते, तिथंच दोनदा कात टाकते, एकदम मादी होऊनच उतरते. दुसरी हायलोमा, मोठी, पायावर फिकट-गडद पट्टे असलेली, पळते पण जोरात. ही मधे खाली उतरते, भेगेत कात टाकते आणि मग पुन्हा कुणावर तरी चढते. थायलेरिया देते ती ही हायलोमा. आणि गंमत बघा, थायलेरियाचा जंतू हायलोमाच्या अंड्यातून पुढच्या पिढीत जात नाही. लहानपणी आजारी जनावराचं रक्त प्यायली, भेगेत जाऊन कात टाकली, मोठी होऊन दुसऱ्या गाईला चावली, तेव्हाच आजार देते. म्हणजे तुमच्या कालवडीचा आजार तयार झाला तो तुमच्या भिंतीच्या भेगेत. भिंत लिंपली तर साखळी मधेच तुटते.

याच्या उलट तांबड्या लघवीचा आजार, बबेसिया. तो बूफिलसच्या अंड्यातून पिलात जातो, म्हणजे जन्मतःच पिलू जंतू घेऊन येतं. हे शोधलं अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न यांनी, १८९३ साली छापलं. एखादा किडा रोग वाहून नेतो हे तिथं पहिल्यांदा प्रयोगानं नीट दाखवलं गेलं, तेही गोचिडावर, डासाच्या आधी! त्याआधी टेक्सासचे शेतकरी वर्षानुवर्षं म्हणत होते की हे गोचिडाचं काम आहे आणि मोठे लोक हसत होते. मला हा भाग फार आवडतो, कारण मी गावात गेले की म्हाताऱ्यांचं आधी ऐकते.

औषध का चालेना, याचं उत्तर मराठवाड्यात समजावणं सोपं आहे. बीटी कपाशीला २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं काय केलं आठवतंय ना? अळी बीटीला सरावली, तेच. हजार गोचिडांत पाच-दहा जणांना जन्मतःच ते औषध कमी लागू पडतं. तुम्ही फवारता, ९९० मरतात, ते दहा उरतात आणि त्यांची पोरं गोठाभर. चार वर्षं तेच औषध, त्यात अर्धा डोस (खरं सांगा, बादलीला झाकणानं मोजता ना?), म्हणजे आपणच निवडून निवडून पैलवान तयार केले. कंपनी बदलून उपयोग नाही कारण डबा बदलतो, आतलं औषध तेच. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, फ्लुमेथ्रीन ही सगळी एकाच घरातली भावंडं. एकाला सरावलेले गोचीड दुसऱ्याला पण बऱ्याचदा दाद देत नाहीत. देशात खूप ठिकाणच्या गोचिडांत हे दिसलेलं आहे, तुमच्या एकट्याचं दुर्दैव नाही.

बदलायचं तर गट बदला, उदा. अमिट्राझ. पण डॉक्टरांना विचारून, लेबलवरचा डोस मापानं मोजून (सिरिंज वापरा), आणि घोडा-शिंगरू असेल तर त्याला अमिट्राझ अजिबात नको, त्याला बाधतं. आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन लोक सर्रास मारतात, दुभत्या गाईला नको, दुधात उतरतं आणि ते दूध तुमच्याच घरात जातं. शेणातही उतरतं, शेणकिडे मरतात, मग शेण तसंच वाळून पडतं.

फवारणी एकदाच करून थांबू नका. त्या दिवशी जे भेगेत होते ते दोन-तीन आठवड्यांनी वर येणार. अंगावर फवारलं त्याच दिवशी गोठाही फवारा, भिंती खालपासून माणसाच्या उंचीपर्यंत, गव्हाण रिकामी करून. भेगा सिमेंटनं नाहीतर शेणमातीत चुना घालून बुजवा. काहीजण गॅसची फ्लेम गन फिरवतात, भारी चालते, पण कडबा जवळ असताना करू नका, मागे एका ठिकाणी गोचिडासकट गोठा गेला.

देवणीचं: हे नुसतं लोकांचं म्हणणं नाही. आपल्या वशिंडवाल्या जातींवर गोचीड कमी टिकतात हे बऱ्याच ठिकाणी मोजून बघितलेलं आहे. चावलेल्या जागी त्यांच्या अंगात लवकर प्रतिक्रिया होते, खाज सुटते, चाटून-घासून पिलं काढून टाकतात, कातडी हलवायची सवय पण असते. एचएफ बिचारी उभीच राहते. थायलेरिया झाला तरी देशी जनावर बऱ्याचदा किरकोळ तापावर निभावतं, क्रॉस गाय मात्र आडवी होते. थायलेरियाची लस आहे आपल्याकडं, रक्षावॅक-टी नावाची, दोन महिन्यांपुढच्या क्रॉस वासरांना देतात, पण ती लिक्विड नायट्रोजनमध्ये ठेवावी लागते त्यामुळं प्रत्येक दुकानात दिसत नाही. तालुक्याच्या पशुधन अधिकाऱ्यांकडं आधी नाव नोंदवा, चार-पाच गोठ्यांनी मिळून मागितली तर आणणं सोपं जातं.

आणि शेवटचं, मला तुमचे गोचीड पाहिजेत. खरंच. फुगलेल्या माद्या वीस-पंचवीस, जिवंत, छोट्या बाटलीत घालून तोंडाला मलमलचं फडकं बांधा, आत किंचित ओलसर कागद. स्पिरिटमध्ये टाकू नका, मेलेल्याची जात ओळखता येते पण परीक्षा घेता येत नाही. आम्ही त्यांना अंडी घालू देतो, पिलं निघाली की औषध लावलेल्या कागदाच्या पुड्यांत बंद करतो, वेगवेगळे डोस, आणि दुसऱ्या दिवशी मोजतो किती मेली. मग अंदाज नाही, आकडा सांगता येतो.

---

माजलगाव_शेतीवाला

बाई तुमचं सगळं बरोबर असंल पण भिंती लिंपायला अन् दर तीन आठवड्याला फवारायला माणूस कुठून आणायचा? सोयाबीन काढायला माणूस मिळंना. एखादी लस काढा की गोचिडाचीच, एकदा टोचली की संपलं.

---

गोचीडवाली_परभणी

काका काढलेली आहे! गोचिडाच्या आतड्यात एक प्रथिन असतं, बीएम८६. ते गाईला टोचलं की गाईच्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, आणि गोचीड ते रक्त प्यायली की तिचंच आतडं फाटतं. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात आणि क्युबात अशी लस बाजारात आली. पण ती औषधासारखी टपाटप पाडत नाही, माद्या कमी भरतात, अंडी कमी घालतात, दोन-चार पिढ्यांनी फरक दिसतो. जागोजागच्या गोचिडांत ते प्रथिन थोडं थोडं वेगळं असल्यामुळं सगळीकडं सारखी चालत नाही, हायलोमाचं गणित अजूनच वेगळं. यावर जगभर काम चालूच आहे, आमच्या डिपार्टमेंटमध्ये पण सेमिनारला दरवर्षी कुणीतरी हाच विषय घेतं. पण "एकदा टोचली की संपलं" असं गोचिडात काही नाही काका. किडा फार जुना खेळाडू आहे.

---

आशाताई_हिंगोली

मी माणसांच्या बाजूचं सांगते, आरोग्य खात्यात काम करते.

काँगो ताप खरा आजार आहे, मेसेजमधली भीती अर्धीच खरी आहे. पूर्ण नाव क्रिमियन काँगो, हायलोमा गोचिडानं पसरतो. जनावराला काहीच होत नाही, ते चांगलं चरत असतं, माणसाला मात्र अचानक जोराचा ताप, अंगदुखी, पुढं नाकातून, हिरड्यातून, कुठूनही रक्त. भारतात पहिल्यांदा पक्कं निदान झालं ते २०११ च्या जानेवारीत गुजरातमध्ये, साणंदकडच्या एक बाई होत्या, आणि त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर आणि नर्स पण गेले. म्हणजे गोचीड चावूनच होतो असं नाही, पेशंटच्या रक्तानं पण होतो, तसंच गोचीड बोटानं चिरडली आणि हाताला जखम असेल तर त्यातून, आणि जनावर कापताना रक्तातून. तपासणी पुण्याला एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) होते.

पण दादा, मराठवाड्यात रोज हजारो आया-बाया गोचीड काढतात, प्रत्येकीला काँगो होतो असं नाही. फक्त ठेचायचं बंद करा. आईला सांगा रबरी हातमोजे घाला, चिमट्यानं कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ ओढा, पिळू नका, आणि साबणाच्या नाहीतर रॉकेलच्या पाण्याच्या डब्यात टाका. नंतर हात धुवा. आणि गोचीड काढल्यावर आठ-पंधरा दिवसांत कुणाला ताप आला तर डॉक्टरला "आमच्याकडं जनावरं आहेत, गोचीड लागतात" हे आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही, ओपीडीला गर्दी केवढी असते.

आणखी एक गोष्ट. पावसाळ्यात गवतात बसून आलं की ताप, डोकं ठणकतं, मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, चार दवाखाने फिरून झाले, अशा पेशंटच्या काखेत, जांघेत, छातीखाली, कंबरेच्या नाडीखाली एक काळी खपली बघायची, सिगारेटचा चटका दिल्यासारखी, दुखत नाही. ती स्क्रब टायफस. तो गोचिडाचा नाही, गवतातल्या बारक्या माइटच्या पिलाचा चावा, डोळ्याला दिसत पण नाही. २०१८ ला नागपूरकडं बरेच पेशंट निघाले होते. वेळेत लक्षात आलं तर डॉक्टर साधी जुनी डॉक्सीसायक्लीन देतात आणि ताप दोन दिवसात उतरतो, नाही लक्षात आलं तर किडनी-फुप्फुसापर्यंत जातं. बायका लाजून खपली दाखवत नाहीत, त्यात वेळ जातो. म्हणून मी गावात सांगते, खपली असली तर मला दाखवा, मी सांगते डॉक्टरला.

---

जुने_मास्तर_बीड

काँगोचा विषय निघाला म्हणून लिहितो. वय झालं, टायपिंगच्या चुका पदरात घ्या.

१९९४ साली मी बीड जिल्ह्यात शाळेवर होतो. ऑगस्ट-सप्टेंबरात मामला गावात प्लेगच्या गाठी निघाल्या. प्लेग म्हणजे आमच्या आजीच्या गोष्टीतला शब्द, "पलेगात गाव उठलं" वगैरे, तो एकदम पेपरात आला. आधी गावात पिसवा फार झाल्या म्हणून लोकांची ओरड होती, घरात पाय ठेवला की पिंढरीपर्यंत चढायच्या. मग उंदीर मरून पडायला लागले. पुढं सुरतेला फुप्फुसाचा प्लेग पेटला, तिथून लोक पळाले, आणि आमच्याकडं टेट्रासायक्लीनची गोळी औषधालाही मिळेना. बीडचं नाव सांगितलं की पाहुणे दारातून मागं सरकायचे. एका लग्नाची बोलणी त्याच्यावरून फिसकटलेली मला माहीत आहे.

कारण काय सांगत होते, तर आदल्या वर्षी ३० सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, भीतीनं माणसांनी घरं सोडली, धान्य तसंच साठून राहिलं, उंदीर माजले, रानातले उंदीर अन् घरातले उंदीर एकमेकात मिसळले. हा तज्ज्ञांचा अंदाज होता. पण पटण्यासारखा.

मला त्यातली एक गोष्ट आयुष्यभर लक्षात राहिली. गावात तरुण पोरं काठ्या अन् उंदराचं औषध घेऊन निघाली होती. पथकातले एक डॉक्टर पळत आले, म्हणाले थांबा, आधी पिसवा मारा, पावडर टाका बिळात, मग उंदीर. आम्हाला कळेना. त्यांनी सांगितलं, उंदीर मेला की त्याचं अंग गार पडतं, पिसू त्याला सोडून गरम अंग शोधती, आणि जवळचं गरम अंग तुमचं. पिसूच्या नरड्यात जंतूंची गुठळी अडकती, रक्त पोटात जात नाही, ती उपाशी राहती आणि वेड्यासारखी चावत सुटती, चावताना तीच गुठळी आत ओकती. आधी उंदीर मारले असते तर आम्ही सगळ्या पिसवा स्वतःच्या अंगावर बोलावल्या असत्या. पिसूचं हे काम सिमोंड नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८९८ ला कराचीत दाखवलं होतं, बऱ्याच जणांनी तेव्हा मानलं नाही.

आणि डासाचा मलेरिया तर आपल्याच राज्यात सापडला. २० ऑगस्ट १८९७, सिकंदराबाद, रोनाल्ड रॉस. तेव्हा आपण निजामाच्याच राज्यात, म्हणून "आपल्याच" म्हणालो. हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या पेशंटला चावून घ्यायचे प्रत्येक डासामागं एक आणा दिला होता म्हणतात. रॉसला नोबेल मिळालं, हुसेन खानला आणे. पोरांना शिकवताना हे सांगितलं की वर्ग जागा व्हायचा.

---

लातूरची_लेक

मास्तर, तुमचं "आधी पिसवा मग उंदीर" वाचून आमच्या गल्लीतली धुराची गाडी आठवली. डेंग्यूचे पेशंट निघाले की गाडी येते, सगळी गल्ली धूर, पोरं मागं पळतात, फोटो निघतो, संपलं. धुरानं उडते डास तेवढे मरतात, ते पण त्या वेळी बाहेर असले तर. डेंग्यूचा डास तर घरात, पडद्यामागं, पलंगाखाली बसतो आणि दिवसा चावतो. त्याचं घर कुठंय? आमच्या हौदात.

लातूरला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं हे जगाला माहीतच आहे, २०१६ ला तर मिरजेहून रेल्वेनं आणलं. मग प्रत्येक घरात हौद, टाक्या, ड्रम, हंडे, रांजण भरून. आणि त्या डासाला अंड्यापासून उडायला लागायला किती दिवस लागतात, तर साधारण आठ-दहा. पाण्याची पाळी आणि डासाची पाळी एकच! जणू त्याला टाइमटेबल दिलंय. वरून सांगतात आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा. अहो पाणीच दहाव्या दिवशी येणार, तर सातव्या दिवशी हौद ओतून पिणार काय, हा राग मी आलेल्या पथकावर काढला पण होता. त्यातल्या एका मुलीनं शांतपणे सांगितलं, ताई ओतू नका, झाका, सुती फडकं दोरीनं घट्ट बांधा, आणि रिकामा होईल तेव्हा कड घासा, नुसतं विसळू नका. कारण अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या वर कडेला चिकटलेली असतात, महिनोन् महिने कोरडी टिकतात, आणि नवीन पाणी चढलं की फुटतात. तेव्हापासून मी नारळाच्या शेंडीनं घासते. वापरायच्या पाण्याच्या हौदात गप्पी मासे सोडलेत, मुलाला खेळ झालाय, त्यानं एकाचं नाव सचिन ठेवलंय.

ते डासांत वोल्बाकिया नावाचा जिवाणू सोडून डेंग्यू कमी करतात ते वाचलं, इंडोनेशियात योग्यकर्त्याला मोठा प्रयोग झाला, २०२१ ला निकाल आला, डेंग्यू ७७ टक्के कमी. पुद्दुचेरीच्या आयसीएमआरच्या (सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) संस्थेनं पण तसे डास तयार केलेत. म्हणजे डास मारायचे नाहीत, उलट सोडायचे. आमच्या सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, आधी नळाला पाणी सोडायला सांग त्यांना.

---

औसेकर_२१

तीन महिन्यानं लिहितोय, माफ करा, सोयाबीनची धांदल चालू होती. सगळ्यांचे आभार, मास्तरांचं वाचून आईला ऐकवलं, तिला लई आवडलं.

परभणीच्या ताईंकडं बाटली पाठवली होती, २२ माद्या. एसटीत कंडक्टरनं विचारलं काय हाय, मी म्हणलं पाहुण्याचं औषध हाय. निकाल आला. सायपरमेथ्रीनच्या लेबलवरच्या डोसनं निम्म्यापेक्षा जास्त पिलं जित्ती राहिली. अमिट्राझनं बहुतेक मेली. आन हो ताई, झाकणानंच मोजत होतो, मान्य.

मग आमच्या डॉक्टरला विचारून औषध बदललं, सिरिंजनं मोजून, जनावर आन गोठा एकाच दिवशी, २० दिवसांनी परत. भिंत लिंपायला माणूस मिळाला नाही, मी आन बायकोनं दोन रविवारी केली, गव्हाणीखालची सगळी माती उपसून बाहेर टाकली. त्या मातीत येवढे गोचीड होते की बायको म्हणली आपण गाईला गोठा नाही, गोचिडाला गोठा बांधला होता. आईनं हातमोजे दोन दिवस घातले, मग म्हणली हात गुदमरतेत. आता जुन्या स्वयंपाकघरातली सांडशी घेतली होती, ती मोठी पडली, मग नातीच्या बॉक्समधला चिमटा पळवला. डब्यात साबणाचं पाणी, ठेचणं बंद. आन तिनं स्वतःच्या मनानं चार गावरान कोंबड्या आणून गोठ्यात सोडल्यात, त्या दिवसभर टिपूलाल्यात. हे चालतं का विचारायचं होतं.

गाई सध्या बऱ्या हायत, १२ लिटरवर आली ती. पण अंगावर अजून थोडे सापडतेत, आन मला कळलंय कुठून येतेत. गायरानात शेजाऱ्याची १५ जनावरं आन आमची एकाच जागी चरतेत. त्याला सांगायला गेलो तर म्हणला तुझ्या गाईला लागतेत, तू बघ, माझ्या बैलांना काय झालंय. आता बोला.

---

गोचीडवाली_परभणी

कोंबड्या चालतात, आजीला शाबासकी सांगा. फक्त फवारणीच्या दिवशी आणि नंतर दोन-चार दिवस त्यांना गोठ्याबाहेर ठेवा, औषधानं मेलेले गोचीड टिपतील नाहीतर.

शेजाऱ्याचं दुखणं जुनं आहे. अमेरिकेनं १९०६ ला तो टेक्सास तापाचा, म्हणजे बबेसियाचा, गोचीड देशातून घालवायचा ठरवला, ३७ वर्षं लागली. औषध होतंच, औषधाच्या पाण्याचे हौद बांधून त्यात जनावरं बुडवायची. कुरण काही महिने रिकामं ठेवायचं, जनावर मिळालं नाही की पिलं उपाशी मरतात. अडचण एकच, सगळ्यांनी एकदम करायला पाहिजे, आणि ज्यांच्या जनावरांना काही होत नव्हतं ते म्हणायचे आमचा काय संबंध. काही ठिकाणी तर लोकांनी रागानं ते हौद सुरुंग लावून उडवले. तुमचा शेजारी त्यामानानं गरीब आहे.

त्याच्या बैलांना काही होत नाही कारण ते देशी असणार. त्यांच्या अंगावर मोजकेच असतात, पण गायरानभर अंडी पडायला तेवढे पुरतात. त्याच्याशी भांडू नका. त्याला म्हणा परभणीची एक पोरगी तुमच्या बैलांची फुकट तपासणी करून देते, वीस गोचीड द्या फक्त. बाटली तीच वापरा, मलमल धुऊन. आणि कंडक्टरला यावेळी खरं सांगा, त्याच्या घरी पण जनावरं असतील.

---

माजलगाव_शेतीवाला

बाई माझ्या म्हशीवरचे बी पाठवू का? डिझेल बंद केलंय.